वाटीतलं पाणी आणि कललेली होडी

मुक्कामाला पोचलं की आमच्या घरात पहिलं काम चहाचं नव्हतं, वाटीचं होतं. धाकटी स्टीलच्या वाटीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्यायची, ती जमिनीवर ठेवायची, पालथी पडून डोळा काठाशी न्यायची आणि निकाल द्यायची, "बाबा, डावी बाजू बोटभर खाली." मग तिचे बाबा डाव्या चाकाखाली प्लास्टिकची पाचर सरकवायचे, गाडी तिच्यावर चढवायचे, आणि आमचं अख्खं घर, म्हणजे बिछाने, शेगडी, संडास आणि आत मांडी घालून बसलेल्या सासूबाई, एका अंगानं हळूच उचललं जायचं. पुन्हा वाटी. पाणी काठाला समांतर दिसलं की मगच चहा.

मेच्या सुट्टीत आम्ही पाच जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर चौदा दिवस कॅम्परव्हॅनमधून हिंडलो. तिथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे गाडी चालवण्याची धास्ती दोन दिवसांत गेली. वाटीचा धडा मात्र पहिल्याच रात्री मिळाला. क्राइस्टचर्चहून निघायला उशीर झाला होता. अंधारात एका उतारावर गाडी लावून झोपलो, सकाळी फ्रीज उघडला तर दूध नासलेलं. गाडी ताब्यात देताना त्या माणसानं "सपाट जागेवर लावा" असं बजावलं होतं आणि आम्ही समजल्यासारख्या माना डोलावल्या होत्या. फ्रीजला जमिनीच्या उताराशी काय देणंघेणं, हा प्रश्न दूध फाटेपर्यंत पडला नव्हता.

उत्तर शोधलं आणि मी चाटच पडले. आमचा फ्रीज गॅसवर चालत होता. मागच्या बाजूला काडेपेटीएवढ्या जागेत निळी ज्योत जळत होती आणि त्या ज्योतीवर बर्फ होत होता! विस्तवावर बर्फ, ही म्हण नव्हे, यंत्र आहे. १९२२ साली स्वीडनमधल्या बाल्टसार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ते बसवलं. ज्योत तापवते ते अमोनिया विरघळलेलं पाणी. त्यातून अमोनियाची वाफ सुटून वर चढते, वरच्या नळीत निवून तिचा द्रव होतो आणि तो द्रव फ्रीजच्या आतल्या नळीत उतरतो. तिथे त्याची पुन्हा वाफ होते, आणि वाफ होताना लागणारी उष्णता तो आतल्या दुधाकडून, भाजीकडून ओढून घेतो. माठातलं पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना माठाला गार करतं, तेच हे. फरक इतकाच, की माठातून उडालेलं पाणी परत येत नाही. इथे अमोनिया खाली पाण्यात विरघळून पुन्हा ज्योतीपाशी येतो आणि फेरा सुरू राहतो.

या सगळ्यात एकही पंप नाही, फिरणारं एकही चाक नाही. वाफ हलकी म्हणून चढते, द्रव जड म्हणून उतरतो, एवढ्यावर कारभार. म्हणूनच गाडी फार वेळ कलती उभी राहिली की द्रव भलत्याच कोपऱ्यात तुंबतो आणि फेरा थांबतो. ओहोळ अडला की शेत सुकावं, तसं आमचं दूध नासलं होतं. त्या दिवसापासून वाटी ही घरातली सगळ्यात मानाची वस्तू झाली, आणि माझं एक नवं वेड सुरू झालं. या देशात कुठेही उभं राहिलं की मी मनातल्या मनात वाटी ठेवून पाहायची : इथे उतार कुठे आहे?

घर चालतं झालं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पाणी नळातून येत नाही, टाकीतून येतं, आणि मोरीत गेलं म्हणून जात नाही, दुसऱ्या टाकीत जाऊन बसतं. न्यूझीलंडमध्ये ठरवून दिलेल्या मोकळ्या जागी रात्र काढायची तर बहुतेक ठिकाणी गाडी स्वयंपूर्ण असल्याचा दाखला लागतो. त्याचा हिशेब साधा आहे. माणशी रोज ४ लिटर पाणी, तीन दिवस पुरेल इतकं, म्हणजे माणशी १२ लिटर. तितकंच सांडपाणी साठवायची सोय. २०२३ च्या कायद्यानं तर गाडीत पक्का बसवलेला संडासही सक्तीचा केला. आम्हा पाच जणांचे नियमाप्रमाणे ६० लिटर. पुण्यात आमच्याकडे बादलीभर पाण्यात नुसती गॅलरी धुतली जाते.

सासूबाईंना शेगडीपासून चार हातांवर संडास ही कल्पना पचायला एक दिवस लागला. पण पाण्याची जबाबदारी त्यांनीच घेतली. "आमच्या लहानपणी विहिरीवरून दोन हंडे आणले की दिवस निघायचा. तुम्हाला मोजायची सवय नाही, एवढंच," म्हणाल्या. ताटं आधी कागदानं पुसायची, मग धुवायची, हा दंडक त्यांचा. दर दोन-तीन दिवसांनी डंप स्टेशन नावाच्या जागी गाडी लावून सांडपाण्याची टाकी गटारात रिकामी करायची, संडासाची पेटी ओतायची आणि स्वच्छ पाणी भरून घ्यायचं. हातमोजे घालून ते काम करणाऱ्या आपल्या लेकाकडे त्या मोठ्या कौतुकानं पाहत. घरी त्यानं पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः उचललेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी टेकापो सरोवर दिसलं. थोरला म्हणाला, "आई, हे कोणीतरी रंगवलंय." पाण्याचा तो रंग निळा म्हणावा तर दुधाळ, हिरवा म्हणावा तर निळसर, पिरोज्या खड्यासारखा. तो रंग पाण्याचा नाही, पिठाचा आहे. वरच्या डोंगरांत हिमनद्या आहेत. हिमनदी म्हणजे जातंच. वरची तळी बर्फाची, खालची डोंगराची, आणि मध्ये सापडलेले दगड भरडले जाऊन त्यांचं इतकं मऊसूत पीठ होतं, की ते पाण्यात बसता बसत नाही, तरंगतच राहतं. प्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषतं, निळा-हिरवा भाग हे कण चहूकडे उधळतात, आणि सरोवर आतून उजळल्यासारखं दिसतं. थोरल्यानं बाटलीत पाणी भरून पाहिलं. बाटलीत ते नुसतं गढुळसर होतं. रंग दिसायला सबंध सरोवराची खोली लागते.

टेकापोची रात्र हा वेगळाच प्रकार. इथला ४,३६७ चौरस किलोमीटरचा मुलूख २०१२ पासून काळोखासाठी राखून ठेवलेला आहे. जंगल राखतात, तसं आभाळ राखलं आहे. रस्त्यावरचे दिवे झाकलेले, प्रकाश फक्त खाली. थंडी शून्याखाली गेलेली. शालीवर स्वेटर, स्वेटरवर गोधडी अशा अवतारात सासूबाई गाडीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "ध्रुव कुठे?"

ध्रुव नव्हता. तो पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला राहिला होता. आपल्याकडे आभाळ ध्रुवाच्या खुंट्याभोवती फिरतं. इथे खुंट्याच्या जागी नाव घ्यावं असा ताराच नाही, एका रिकाम्या जागेभोवती सगळं गरगरतं. त्या जागेच्या जवळ, जवळजवळ डोक्यावर, त्रिशंकू होता. पुण्याहून मे महिन्यात तो दिसतो, पण दक्षिण क्षितिजापासून फार तर अकरा-बारा अंश वर, इमारती आणि धुरळा यांतून डोकावणारा. टेकापोहून तो ७४ अंशांवर चढला होता, आणि इथून तो कधीच मावळत नाही. अगस्तीही तसाच. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले ते परत आले नाहीत, असं आपण ज्यांच्याबद्दल ऐकत आलो, त्या अगस्तींचा तारा इथे क्षितिजापर्यंत उतरतो आणि टेकल्यासारखा करून पुन्हा वर निघतो.

"बिचारा त्रिशंकू इथे तरी सुलटा झाला का?" सासूबाईंचा पुढचा प्रश्न. विश्वामित्रांनी वर पाठवलेला, इंद्रानं खाली ढकललेला, मध्येच उलटा लटकलेला तो राजा. प्रश्न भाबडा वाटला, पण उत्तर देताना माझी भंबेरी उडाली. पुण्याहून आपल्याला त्रिशंकूच्या फेऱ्यातला वरचा तुकडाच दिसतो. त्यात त्याचा लांब दांडा साधारण उभा असतो. पुढचा फेरा क्षितिजाखाली होतो. टेकापोला सगळा फेरा डोळ्यांसमोर. रात्री नऊला तो ताठ उभा होता. पहाटे साडेसहाला, अजून काळोखच होता तेव्हा, मी पाणी तापवायला उठले आणि काचेवरचं दव पुसून पाहिलं, तर दांडा जवळजवळ पुरा फिरलेला. दिवसाच्या एका फेऱ्यात तो एकदा सुलटा होतो, एकदा उलटा. खरं तर तो जागचा हललाच नव्हता. रात्रभर आम्ही फिरलो होतो. वाटीतलं पाणी न सांडता, नीट समतल लावलेली आमची गाडी पृथ्वीबरोबर अर्ध्या कोलांटीच्या जवळ जाऊन आली होती.

तिथून आओराकी. इंग्रजी नाव माउंट कुक. ही दोन्ही नावं एकत्र लिहायची, आणि आओराकी आधी, हे १९९८ साली कायद्यानं ठरलं, दक्षिण बेटावरच्या नाय ताहु या माओरी जमातीबरोबर झालेल्या समझोत्यात. त्यांची कथा ऐकली आणि मला माझी वाटी आठवली. आकाशपित्याचा मुलगा आओराकी भावांना घेऊन होडीतून पृथ्वीवर आला. परत आभाळात जायची वेळ झाली, तेव्हा मंत्र म्हणताना चुकला. होडी खडकावर आपटून थिजली आणि कलली. पश्चिमेची बाजू वर, पूर्वेची खाली. बुडू नये म्हणून भावंडं वरच्या बाजूला चढून बसली आणि दक्षिणेच्या गार वाऱ्यानं दगड होऊन गेली. ती होडी म्हणजे दक्षिण बेट, आणि ती भावंडं म्हणजे हे डोंगर. बेटाचं जुनं नावच ते वाका ओ आओराकी, आओराकीची होडी.

आता नकाशा पाहा. बेटाच्या पश्चिम काठाला लागून डोंगरांची भिंत, समुद्राकडे सरळ तुटलेली. पूर्वेला मात्र जमीन हळूहळू उतरत कँटरबरीच्या सपाट मैदानात जाते. होडी खरोखरच कललेली आहे! आणि हा आकार आपल्या ओळखीचा आहे. कोकणातून वर पाहिलं की सह्याद्री कड्यासारखा उभा, आणि घाट चढून आलं की देश पूर्वेकडे निवांत उतरत गेलेला. गोदावरी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ, त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि पाठ फिरवून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते, ती या उतारामुळेच. पाऊसही तसाच वाटलेला. तस्मान समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे भिंतीवर आपटतात, वर चढतात, थंड होऊन तिथेच रिते होतात. हॉकिटिकाच्या मागच्या डोंगरात क्रॉप नदीच्या खोऱ्यात वर्षाला ११,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या आंबोलीलाही एवढा होत नाही. भिंतीच्या या बाजूला टेकापोला तो ६०० च्या आसपास. कोकण, घाटमाथा आणि मग माणदेश, असा आपला जुना क्रम. आम्ही तो उलटा पाहिला. लिंडिस खिंडीतल्या वाळक्या पिवळ्या गवतातून, वानाकावरून, हास्टची खिंड ओलांडली आणि काही तासांत नेचे, शेवाळ, धबधबे आणि काचेवर पाऊस. बाहेर इतकं पाणी, आणि आत सासूबाई वाटीवाटीनं मोजून ताटं धूत होत्या.

फरक आहे तो वयाचा. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, आणि आता तो निवांत झिजतो आहे. इथलं प्रकरण चालू आहे. भिंतीच्या पायथ्याशी सुमारे ६०० किलोमीटर लांबीची एक भेग आहे, अल्पाइन फॉल्ट. तिच्या एका बाजूला ऑस्ट्रेलियन भूपट्ट, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक. दोन्ही एकमेकांना घासत वर्षाला तीनेक सेंटिमीटर सरकू पाहतात, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगानं. शिवाय पॅसिफिक बाजू वर ढकलली जाते, काही ठिकाणी वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर. म्हणजे होडीची वरची बाजू अजून उचलली जातेच आहे, कोणीतरी चाकाखाली पाचर सरकवत असल्यासारखी.

नखाच्या वेगानं काय होतं, असं वाटेल. १९४० च्या दशकात हॅरल्ड वेलमन या भूशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की बेटाच्या उत्तर टोकाला नेल्सनजवळ जे विशिष्ट तांबूस खडक आहेत, तेच पार दक्षिणेला ओटागोत आहेत. एकाच पट्ट्याचे दोन तुकडे, मध्ये ४८० किलोमीटरचं अंतर. मुंबई ते कारवार एवढं अंतर जमीन नखाच्या चालीनं सरकून गेली होती. आणि वर उचललेल्या डोंगरांची पावसानं, बर्फानं झीज केली नसती तर आज ते एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच असते, असा भूशास्त्रज्ञांचा हिशेब आहे. जातं आणि पाचर, दोघांची चढाओढ चालू आहे. कधी जातं पुढे जातं. डिसेंबर १९९१ मध्ये आओराकीचा माथा एका रात्रीत कोसळला आणि उंची दहाएक मीटरनं घटली. आता ती ३,७२४ मीटर मोजली जाते. जवळच्या तस्मान हिमनदीच्या तोंडाशी आज किलोमीटर-किलोमीटर पसरलेलं सरोवर आहे. १९७० च्या सुमारास तिथे नुसती डबकी होती. २२ फेब्रुवारी २०११ ला क्राइस्टचर्चला भूकंप झाला, शहरात १८५ माणसं गेली, आणि इतक्या लांबवर या हिमनदीचा सुमारे ३ कोटी टन बर्फ तुटून त्या सरोवरात कोसळला.

फ्रांझ जोसेफ या गावात आम्ही मुक्काम केला. ही भेग गावातूनच जाते. मी ती शोधायला निघाले, आणि अर्थातच दरीबिरी काही नव्हती. एक चढ होता, हॉटेलं होती, ओलं डांबर होतं. अल्पाइन फॉल्ट शेवटचा फाटला १७१७ च्या सुमारास. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, झाडांनी ठेवलं आहे. त्या हादऱ्यानं उन्मळलेल्या जंगलाच्या जागी नवं जंगल उगवलं, आणि वाचलेल्या झाडांच्या खोडातली वर्षवलयं त्या साली अचानक आखडली. तेव्हा साताऱ्याला शाहू महाराजांची गादी होती आणि बाळाजी विश्वनाथ पेशवेपदावर होते. दक्षिणेकडच्या होकुरी ओढ्याच्या चिखलात गेल्या ८,००० वर्षांतल्या भूकंपांची नोंद सापडली. हिशेब निघाला, सरासरी दर तीनशे-सव्वातीनशे वर्षांनी एक. मग मी बोटांवर मोजलं. तीनशेहून जास्त वर्षं, गुणिले तीन सेंटिमीटर. आमच्या गाडीपेक्षा लांब, आठ-नऊ मीटरचं सरकणं त्या ओल्या डांबराखाली अडकून थांबलेलं होतं.

त्या रात्री मी उशिरापर्यंत जागी होते. भीतीनं नाही. गाव शांत झोपलं होतं. लोकांना हे ठाऊक आहे, शाळेत पोरांना शिकवतात, घरात पाणी आणि शिधा साठवून ठेवायला सांगतात. माणशी किती लिटर, किती दिवसांचं, हा तोच हिशेब, जो आम्ही दोन आठवडे हौसेनं केला होता.

परतीचा रस्ता आर्थर्स पासवरून होता. ९२० मीटरची खिंड, तिच्याआधी ओतिरा दरीवर १९९९ साली बांधलेला लांबलचक पूल. जुना रस्ता दरडींनी सारखा वाहून जायचा, म्हणून रस्ताच जमिनीवरून उचलून हवेत नेला. खिंडीच्या गावात थांबलो तेव्हा टपावर धप्प आवाज झाला. केआ. बर्फाळ डोंगरात राहणारा हिरवा पोपट, पंखांखाली भगवा. शहाणा आणि खोडकर. त्यानं आमच्याकडे मान तिरकी करून पाहिलं आणि खिडकीभोवतीचं रबर चोचीनं सोलायला घेतलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, हुसकलं, शेवटी हात जोडले. तो हलला नाही.

घरी आलो. चौदा दिवसांनी न हलणाऱ्या पलंगावर झोप लागेना. संध्याकाळी पाहते तर धाकटी स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी पडलेली, डोळ्यांसमोर तीच वाटी.

"आई, आपलं घर कललंय."

मी वाकून पाहिलं. पाणी काठाला समांतर नव्हतं. एक बाजू केसभर खाली.

"बिल्डरनं फसवलं," तिचे बाबा म्हणाले.

"पूर्व कुठली गं?" सासूबाईंनी विचारलं. धाकटीनं खाली गेलेल्या बाजूकडे बोट दाखवलं.

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सह्याद्रीच तिकडे कललाय. बिल्डर बिचारा काय करणार?" आणि त्यांनी वाटी उचलली, त्यातलं पाणी ओतून न देता गॅलरीतल्या तुळशीला घातलं.